हवेची वही आणि रायगडचा कातळ

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेल्या माणसाच्या पायांखाली आधी वाळू येते आणि मग काळा कातळ लागतो. वाळूत पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. थोडे दक्षिणेस श्रीवर्धनच्या बाजूला, किंवा वर माथेरानच्या पठारावर गेले की तांबडा जांभा दिसू लागतो. काळा, तांबडा आणि पांढरा हे तीन रंग या मुलखातील माणसांच्या इतक्या सवयीचे आहेत, की त्यांच्याकडे कोणी मुद्दाम वळून पाहत नाही. भूशास्त्राचे अभ्यासक मात्र या तिन्ही रंगांत आपण श्वासावाटे घेतो त्या हवेचा इतिहास वाचतात. हवेत कोणता वायू केव्हा जमा झाला, कोणता कोणाच्या नावे पडला, याच्या नोंदी दगडांत राहिलेल्या आहेत.

हवा ही कायमची आणि न बदलणारी वस्तू आहे, असा आपला समज असतो. शाळेत पाठ केलेले आकडेही तसेच स्थिर वाटतात : नायट्रोजन शेकडा ७८, ऑक्सिजन शेकडा २१, उरलेल्या एका टक्क्यात बहुतांश आरगॉन, आणि अगदी अल्प प्रमाणात कार्बन डायऑक्साइड. परंतु हे आकडे म्हणजे आजच्या तारखेची शिल्लक आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते, आणि एवढ्या काळात ही शिल्लक कैक वेळा बदलली आहे. दीर्घकाळ तर तीत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच.

पृथ्वी घडत असताना तिच्याभोवती हायड्रोजन आणि हेलियम या हलक्या वायूंचे आवरण असले, तरी ते टिकले नाही. हलके वायू, तापलेला ग्रह आणि तरुण, खवळलेला सूर्य असा योग असल्यावर ते अवकाशात निसटणारच. त्यानंतरची हवा आली ती मुख्यतः पृथ्वीच्या पोटातून. वितळलेल्या खडकात विरघळून असलेली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन हे वायू बाहेर पडत राहिले. पृष्ठभाग निवल्यावर वाफेचे पाणी झाले आणि समुद्र भरले. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग पाण्यात आणि पुढे दगडात गेला. नायट्रोजन सहसा कोणाशी संयोग पावत नसल्यामुळे हवेतच साठत राहिला. त्याला रासायनिक संयोगात ओढणे किती कठीण असते, हे अलिबागजवळच्या थळ येथील खतकारखान्यात दिसते. तेथे हवेतलाच नायट्रोजन घेऊन त्यापासून अमोनिया आणि पुढे युरिया करतात, आणि त्यासाठी मोठा दाब, मोठी उष्णता व उत्प्रेरक लागतो.

आरगॉनची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण हवेतील जवळजवळ सर्व आरगॉन दगडांतून आलेला आहे. खडकांतील पोटॅशियमचा अल्पसा अंश किरणोत्सारी असतो. १२५ कोटी वर्षांत तो निम्मा उरतो, आणि क्षय पावताना त्याच्या काही भागाचे आरगॉनमध्ये रूपांतर होते. मुदतठेवीवर व्याज चढावे तसा हा वायू दगडात साठत जातो. दगड वितळला की तो निसटून हवेत येतो, आणि दगड पुन्हा थिजला की नव्याने साठू लागतो. म्हणून थिजलेल्या लाव्ह्यात किती आरगॉन साठला आहे हे मोजले, तर तो लाव्हा केव्हा थिजला ते सांगता येते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे वय ठरवण्याच्या ज्या प्रमुख पद्धती आहेत, त्यांतली एक हीच.

ऑक्सिजनचा मार्ग जिवंत सृष्टीतून गेला. सूक्ष्म हरितजीवाणू सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करू लागले आणि ऑक्सिजन बाहेर पडू लागला. पण तो लगेच हवेत साठला नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह आणि ज्वालामुखींचे वायू हे त्याचे जुने धनको होते. जेवढा ऑक्सिजन निघे, तेवढा ते वसूल करीत. समुद्रातले ते लोह थराथराने तळाशी बसले. गोव्याच्या ज्या लोहखनिजाची जहाजे वर्षानुवर्षे परदेशी गेली, त्याचे मूळ अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या अशाच पट्टेदार खडकांत आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजनचे उत्पादन या वसुलीला पुरून उरले आणि तो हवेत टिकू लागला. कोकणातल्या जांभ्याचा तांबडा रंग त्या मानाने अगदी अलीकडचा, पण कारण तेच : दगडातील लोहाला हवेतील ऑक्सिजन लागला की गंज चढतो.

येथे एक बाब हिशेबाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. झाड वाढताना ऑक्सिजन सोडते, पण ते कुजले किंवा जळले की तेवढाच ऑक्सिजन परत घेते. म्हणजे जमा आणि नावे सारखेच. हवेत शिल्लक उरते ती फक्त तेव्हा, जेव्हा वनस्पतींतला कार्बन न कुजता गाळात पुरला जातो. जमिनीखाली कोळसा, तेल आणि गाळातला कार्बन एका बाजूला, तर हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला. दुहेरी नोंदीचे तत्त्व माणसाने शोधण्यापूर्वी कित्येक कोटी वर्षे निसर्ग ते पाळत आला आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीच्या अरण्यांतून प्रचंड कोळसा पुरला गेला, तेव्हा हवेतील ऑक्सिजन शेकडा ३० च्या आसपास पोहोचला होता, असे बहुतेक गणिते सांगतात.

आता रायगडच्या काळ्या पाषाणाकडे वळू. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आजच्या जागी नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आज जेथे रियुनियन बेट आहे त्या परिसरावरून तो उत्तरेकडे सरकत होता. त्या काळात जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहू लागला. शंकूच्या आकाराच्या एखाद्या पर्वताचा हा स्फोट नव्हता. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावे तसा लाव्हा शेकडो किलोमीटर पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी सुमारे दोन किलोमीटर भरते. एवढी झीज होऊनही आज या पाषाणाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. मूळ लाव्हा दहा लाख घन किलोमीटरच्या वर असावा, असा अंदाज केला जातो. या उद्रेकांचा मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत आटोपला. मानवी इतिहासाच्या मापाने तो काळ अफाट असला, तरी पृथ्वीच्या वहीत ती एका दिवसाची उलाढाल होय.

कोकणातून देशावर जाणाऱ्या कोणत्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तेथे काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाची एखादी पट्टी आडवी गेलेली दिसते. मोटारीतून जाताना ती क्षणात मागे पडते. ही पट्टी म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली विश्रांती. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मधल्या काळात पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली, आणि मग नव्या लाव्ह्याने ती माती भाजून झाकून टाकली. अशा तांबड्या थरांत अडकलेल्या ज्वालामुखीय राखेतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचून त्यांचे वय काढण्यात आले. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच वेळी दोन संशोधक गटांचे निबंध आले. एकाने झिरकॉन वापरले होते, दुसऱ्याने आरगॉन. एका गटाच्या मते लाव्ह्याची एक मोठी लाट मेक्सिकोत अशनी आदळण्याच्या आधी येऊन गेली होती, तर दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा त्या आघातानंतर आला. डायनोसॉरांच्या नाशात दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, हा वाद त्यामुळे अजून मिटलेला नाही. उद्रेक वेगवेगळ्या हप्त्यांनी झाले की जवळजवळ सलग, यावरही दोघांचे एकमत नाही.

हप्त्यांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो लाव्ह्याबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे. त्यांत दोन प्रमुख, आणि दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध. गंधकाचा वायू हवेत सूक्ष्म थेंबांचा पडदा धरतो आणि सूर्याची उष्णता अडवतो. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर साऱ्या जगाचे तापमान वर्ष-दोन वर्षांसाठी सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. पण हा पडदा लवकरच पावसाबरोबर खाली येतो. कार्बन डायऑक्साइड उलट चिवट असतो. तो हजारो वर्षे साठत जातो आणि पृथ्वीला उबवतो. डायनोसॉर नाहीसे होण्याच्या अगोदर काही लाख वर्षे पृथ्वी काही अंशांनी तापल्याचा पुरावा सागरतळाच्या गाळात मिळतो, आणि त्याचा संबंध दख्खनच्या वायूंशी जोडला जातो.

येथवर काळा पाषाण हवेच्या खात्यात भर घालणारा दिसतो. त्याची दुसरी बाजू रायगडच्या प्रत्येक पावसाळ्यात चालू असते, आणि ती अधिक नवलाची आहे. पावसाचा थेंब हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आंबट होतो. मातीतून झिरपताना त्याला मुळांनी सोडलेला आणखी वायू मिळतो. हे सौम्य आम्ल कातळातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हळूहळू सोडवून घेते. आंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्या ते खाडीवाटे समुद्रात नेतात. त्या पाण्यात आता वायूरूप कार्बन डायऑक्साइड उरलेला नसतो. त्याचे रूपांतर बायकार्बोनेट या क्षारात झालेले असते. समुद्रातले शिंपल्यांचे जीव, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म प्राणी त्यातून कॅल्शियम घेऊन आपली कवचे घडवतात. ती कवचे तळाशी साचली की चुनखडक होतो. वाळूत पायाला टोचणारा पांढरा शिंपला अशा रीतीने हवेतून काढून घेतलेल्या कार्बनची पावती ठरतो.

या क्रियेचा एक लहान नमुना जुन्या घरांत दर वर्षी होत असे. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून चुना करीत. भाजताना त्यांतला कार्बन डायऑक्साइड उडून जाई. तो चुना पाण्यात विरवून दिवाळीपूर्वी भिंतींना दिला, की काही दिवसांत भिंत पक्की आणि शुभ्र होई. चुना केवळ वाळल्यामुळे पक्का होत नाही. तो खोलीतल्या हवेतून कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा शिंपल्याच्याच द्रव्याचा होतो.

ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, बराच लवकर झिजतो. त्यात ऊन आणि भरपूर पाऊस यांची जोड मिळाली की वेग आणखी वाढतो. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले तर येथील नद्या या कामात किती गुंतलेल्या असतील याची कल्पना येते. २००८ साली डेनिस केंट आणि जिओव्हानी मुत्तोनी या दोन भूशास्त्रज्ञांनी एक मोठे सूत्र मांडले. ताज्या लाव्ह्याचा हा प्रचंड साठा पाठीवर घेऊन भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून उत्तरेकडे गेला. त्या प्रवासात पाषाणाची झीज होऊन हवेतील कार्बन डायऑक्साइड घटत गेला, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची अतिउष्ण पृथ्वी पुढे थंडावली त्यामागचे हे एक कारण असावे, असे त्यांचे म्हणणे. हिमालयाची झीज, समुद्रातील बदल अशी इतरही कारणे विद्वान पुढे करतात. तरीही ज्या पाषाणाने हवेत वायू ओतला, त्यानेच पुढील कोट्यवधी वर्षांत तो परत घेण्यात मोठा वाटा उचलला, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे.

पृथ्वी अब्जावधी वर्षे राहण्याजोगी राहिली ती या देवाणघेवाणीमुळे. तापमान वाढले की पाऊस आणि झीज वाढते, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, पृथ्वी निवते. ती फार निवली की झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायू साठतो, आणि पृथ्वी पुन्हा ऊब धरते. आरंभीचा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे शेकडा ३० मंद होता, तरी समुद्र कायमचे गोठले नाहीत, त्याचे एक प्रमुख कारण हेच मानतात. शेजारच्या शुक्रावर हे साधले नाही. तेथे पाणी टिकले नाही. पाणी नाही म्हणून झीज नाही, आणि झीज नाही म्हणून चुनखडक नाही. शुक्राच्या हवेत आज शेकडा ९६ हून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे, दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आणि तापमान ४६० अंशांच्या पुढे. पृथ्वीवरही कार्बनचा साठा काही कमी नाही. तो चुनखडकात बंद आहे, एवढाच फरक.

दगड आणि समुद्र यांच्याशी हवेचे चालणारे व्यवहार येथवर पाहिले. वायूंना निसटून जाण्याची आणखी एक वाट आहे, ती आकाशाची. तिचा विचार करताना पुन्हा अलिबागलाच यावे लागते, कारण या गावात पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी शंभराहून अधिक वर्षे अखंड चालू आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून ही मोजणी होत असे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक प्रखर झोत पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या उपकरणांनी अत्यंत तीव्र चुंबकीय वादळ नोंदवले. त्या नोंदींचा आधार घेऊन २००३ मध्ये भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता नव्याने काढली. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्या जुन्या कागदांवर सापडली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजणी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी ठेवून जुने आकडे नव्याशी जुळवून घेण्यात आले. खातेवह्या संगणकावर नेताना बँकांनीही पुढे काही काळ दोन्हीकडे नोंदी ठेवून ताळा पाहिला होता, त्याची येथे आठवण होते. अलिबागच्या इमारतीसाठी दगड आणला तो पोरबंदरहून. दाराशी काळ्या पाषाणाचे डोंगर असताना ही उठाठेव कशाला, असे कोणालाही वाटेल. पण काळ्या पाषाणात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, आणि संवेदनशील उपकरणांना ते चालत नाहीत. बिजागऱ्या-कड्याही लोखंडाच्या न करता तांब्या-पितळेच्या केल्या. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि तिचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

या चुंबकत्वाचा हवेशी संबंध असा, की सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला बाजूने वळवते. मंगळाचे असे क्षेत्र सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीच विझले. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेचे ‘मेव्हन’ आणि भारताचे मंगळयान दोन-तीन दिवसांच्या अंतराने मंगळाच्या कक्षेत पोहोचले. मेव्हनच्या मोजणीनुसार सौरवारा आजही मंगळाची हवा सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम या गतीने हिरावून नेतो. रक्कम क्षुल्लक दिसते, पण तरुण सूर्याच्या काळी ती बरीच मोठी होती आणि मुदत अब्जावधी वर्षांची. वाहत्या नद्यांच्या खुणा अंगावर असलेल्या त्या ग्रहावर आज हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. चुंबकत्व गेले म्हणून हवा गेली, असे सरळ सूत्र मात्र मांडता येत नाही. शुक्रालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याची हवा दाट आहे. पृथ्वीला क्षेत्र असूनही सेकंदाला सुमारे तीन किलो हायड्रोजन अवकाशात जातो. मंगळ लहान, त्याचे गुरुत्व कमी, त्याचे ज्वालामुखी मंदावलेले. आवक थांबली आणि गळती चालू राहिली, असेच तेथे घडले.

रायगडच्या उत्तर टोकाला उरण आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचे तेल आणि वायू नळांवाटे येथे येतात. तेथील मुख्य तेलसाठा दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात आहे, आणि त्या भागात खोलवर दख्खनचाच काळा पाषाण आहे. शिंपल्यांच्या रूपाने आणि गाळात पुरलेल्या जीवांच्या रूपाने हवेतून निघालेला कार्बन तेथे एकमेकांशेजारी साठला. मुदत संपण्यापूर्वी मोडलेल्या ठेवीसारखा त्यातला तेलाचा भाग आता हवेच्या खात्यात परत जातो आहे. उरणचा वाटा जगाच्या मानाने लहानच, परंतु साऱ्या जगातला कोळसा, तेल आणि वायू यांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आजच्या सर्व ज्वालामुखींतून निघणारा वायू याच्या फार तर एक शतांश भरतो.

दख्खनशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. एका घन किलोमीटर लाव्ह्यातून सुमारे १ कोटी ४० लाख टन कार्बन डायऑक्साइड निघत असावा, असा एक अंदाज आहे. दहा लाख घन किलोमीटरसाठी ही रक्कम १४ लाख कोटी टन होते. आजच्या गतीने माणसाला तेवढा वायू सोडण्यास ४०० वर्षेदेखील लागणार नाहीत. दख्खनला दहा लाख वर्षांच्या आसपास लागली. वर न येता जमिनीखालीच राहिलेल्या लाव्ह्यातूनही वायू निघाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तो धरून दख्खनची बाजू पाच-दहा पट वाढवली, तरी वर्षाचा हप्ता माणसाचाच कितीतरी मोठा राहतो.

परतफेडीचा अंदाजही दगडांतून मिळतो. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत मोठ्या प्रमाणावर कार्बन हवेत आला आणि पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली. झीज आणि गाळ यांनी तो निस्तरायला दीड-दोन लाख वर्षे घेतली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून गेल्या आठ लाख वर्षांची हवा मोजता आली आहे. हिमयुगांत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० भागांपर्यंत उतरत असे आणि उबदार काळात २८० च्या आसपास जात असे. हवाई बेटांवर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ होता. आज तो ४२० च्या पुढे आहे.

अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारभूमीत या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खाडीच्या पाण्याला मातीचे बांध घालून पिकवलेली ही भातशेती भरतीच्या पातळीच्या भरवशावर उभी आहे. बांधाला खांड पडली आणि खारे पाणी आत आले, तर पुढील काही वर्षे पीक बुडते. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा कितीतरी पश्चिमेला होता. जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढली. आता ती वर्षाला साडेतीन-चार मिलिमीटर चढते आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातील सुपारी व नारळाच्या बागा आडव्या झाल्या, हे सुपारीच्या व्यापारातील घराण्यांना वेगळे सांगायला नको. एकट्या वादळाची रक्कम सरळ हवेच्या खात्यावर लिहिणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र अरबी समुद्राचे पाणी तापते आहे आणि वादळांना त्यातूनच बळ मिळते, एवढे मोजमापांतून दिसते.

काळ्या पाषाणाकडूनच ही वसुली लवकर करून घेता येईल काय, याचे प्रयोग सुरू झाले आहेत. आइसलँडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टच्या थरात सोडण्यात आला. दोन वर्षांच्या आत त्यातील शेकडा ९५ हून अधिक भागाचा दगड झाला. दख्खनचा पाषाण त्याच जातीचा असल्यामुळे भारतीय शास्त्रज्ञांनीही त्याचा या दृष्टीने अभ्यास केला आहे. दुसरा मार्ग अधिक साधा : पाषाणाची भुकटी शेतात पसरायची आणि झिजेचे काम पावसावर सोपवायचे. मध्य भारतातील भातशेतीत असे प्रयोग चालू आहेत. खडी फोडताना उरणारी कच पनवेल परिसरातील खाणमालकांना काही नवीन नाही. त्या कचेला असा उपयोग असेल तर ती बाब कानावर असलेली बरी.

मात्र आकडे येथेही मांडून पाहावे लागतात. एक टन काळा पाषाण पूर्ण झिजला, तर कागदावर जास्तीत जास्त तीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतो. दळणे, वाहतूक आणि पसरणे यांत जे इंधन जळते ते त्यातून वजा करायचे, आणि पूर्ण झिजायलाही बराच काळ लागतो. हे खर्च बाजूला ठेवले, तरी वर्षाच्या ३,७०० कोटी टनांसाठी दर वर्षी १२,००० कोटी टनांहून अधिक पाषाण दळावा लागेल. सारे जग मिळून आज वर्षाला जेवढा कोळसा खणते, त्याच्या तेरा-चौदा पट हे वजन आहे.